ट्रिलियम दुसऱ्या वर्षी फुललं नाही तर

एप्रिल संपत आला की कॅनडाच्या दक्षिण ऑन्टारिओतल्या बागवेड्या मराठी मंडळींकडून ट्रिलियम या रानफुलाबद्दल एकच तक्रार तीन रूपांत येते. "मागच्या मेमध्ये फुलासकट आणलं होतं, यंदा नुसती पानं." "यंदा एकच पान, तेही एवढंसं." आणि "यंदा काहीच नाही, उकरून बघू का?" तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: उकरू नका. कारण पुढे येईलच.

इथे मी मुख्यतः पांढऱ्या ट्रिलियमबद्दल, म्हणजे ट्रिलियम ग्रँडिफ्लोरमबद्दल लिहितेय. १९३७ पासून ते ऑन्टारिओचं अधिकृत फूल आहे. प्रांत सरकारच्या पत्रांवर जे तीन पाकळ्यांचं बोधचिन्ह दिसतं ते याचंच. मेपल आणि बीचच्या जंगलात मे महिन्यात जमीन पांढरीशुभ्र होते ती याच्यामुळे. मिशिगन, ओहायो, पेनसिल्व्हेनिया, न्यू यॉर्क इकडच्या वाचकांनाही यातलं बहुतेक सगळं लागू पडेल. तुमचा वसंत लवकर येत असेल तर तारखा तेवढ्या अलीकडे धरा.

चूक एप्रिलमधली नसते

ट्रिलियमचं सगळं गणित तीन पानांवर चालतं. जमिनीखाली आडवं वाढणारं जाडसर खोड असतं; सोयीसाठी त्याला कंद म्हणू. त्यातून दरवर्षी एक दांडा वर येतो, दांड्याच्या टोकाला तीन पानं आणि त्यांच्या मधोमध एक फूल. गुलाबाची फांदी छाटली तर खालून नवी फूट येते, तसं इथे होत नाही. यंदाची तीन पानं गेली की विषय संपला, पुढच्या वसंतापर्यंत नवं पान नाही. ही पानं मे ते जुलै या काळात जे अन्न कंदात साठवतात, त्यावर पुढच्या वर्षीची कळी ठरते. ती कळी उन्हाळा संपेपर्यंत जमिनीखाली तयारही झालेली असते. बर्फाखाली पाच महिने जे वाट बघत बसतं ते आधीच ठरलेलं असतं.

त्यामुळे एप्रिलमध्ये फूल दिसलं नाही म्हणून एप्रिलमध्ये खत-पाणी घालायला धावण्यात अर्थ नाही. मागच्या उन्हाळ्यात काय झालं ते आठवा. पानं कशी होती? कधी पिवळी पडली? कोणी कापली? जून-जुलैत तीन-चार आठवडे पाऊस नव्हता तेव्हा कोणी पाणी घातलं का? बहुतेक वेळा उत्तर तिथेच सापडतं.

सगळ्यात जास्त आढळणारं कारण अगदी साधं आहे. फूल गेल्यावर पानं जरा मलूल दिसायला लागतात, आणि आपल्याला (किंवा लॉन कापायला येणाऱ्या माणसाला) तो कचरा वाटतो. पानं आपोआप आडवी पडून वाळेपर्यंत, म्हणजे साधारण ऑगस्टपर्यंत, त्यांना हात लावू नका. दुसरं कारण आपल्याकडचं खास: देवाला फूल. ट्रिलियमचं फूल पानांच्या वर छोट्याशा देठावर असतं. तो देठ नखाने खुडून फक्त फूल घेतलंत तर झाडाचं फारसं बिघडत नाही, उलट बी धरायची ताकद वाचते. पण घाईत दांडा धरून ओढलं की पानांसकट सगळं हातात येतं आणि पुढच्या वर्षीच्या फुलावर पाणी सोडावं लागतं. फुलदाणीसाठी तर नकोच. दांडा पानांसह घेतल्याशिवाय ते फुलदाणीत उभंच राहत नाही.

एकच पान आलं

हे बघून लोक घाबरतात, पण झाड मेलेलं नाही, मागे गेलंय. ट्रिलियम बालपणी काही वर्षं एकाच पानावर काढतं, मग तीन पानं येतात, मग फूल. ताकद कमी पडली की मोठं, फुललेलं झाडही पुन्हा एका पानावर जाऊ शकतं. हरणाने खाल्लं, लावताना मुळं तुटली, उन्हाने पानं जूनमध्येच करपली, असं काही आदल्या वर्षी झालेलं असतं.

उपाय म्हणजे ते एक पान सांभाळणं. त्याच्याभोवतीचं तण हाताने काढा, खुरप्याने नको, कारण मुळं वरच असतात. पावसाने ओढ दिली तर आठवड्यातून एकदा माती खोलवर भिजेल एवढं पाणी द्या. एक-दोन वर्षं फुलाची अपेक्षा ठेवू नका. रासायनिक खताची निळी पावडर तर अजिबात नको. आपल्याकडे कुठल्याही झाडाला काही झालं की मूठभर खत घालायचा हात शिवशिवतो. इथे तो खिशात ठेवावा.

काहीच वर आलं नाही

यात चार शक्यता आहेत आणि त्या वेगळ्या ओळखता येतात.

पहिली, अजून वेळ आहे. टोरांटोच्या आसपास पांढरं ट्रिलियम एप्रिलअखेर ते मेच्या मध्यापर्यंत फुलतं. पण घराच्या उत्तरेला, जिथे बर्फ उशिरा वितळतो, तिथे ते आठ-दहा दिवस मागे असतं. मेच्या उत्तरार्धातल्या व्हिक्टोरिया डेच्या लाँग वीकेंडपर्यंत थांबा.

दुसरी, ते यंदा जमिनीखालीच राहिलंय. मोठा धक्का बसला की ट्रिलियम एखादं वर्ष वर न येता काढू शकतं. म्हणून म्हटलं उकरू नका. त्या जागी बोटाने वरचा पाला हलकेच बाजूला करा आणि वरची माती चाचपून बघा. कंदाच्या टोकाला एक टणक, टोकदार, फिकट कोंब लागला तर झाड जिवंत आहे. पाला परत सरकवा आणि पुढच्या वर्षी बघा.

तिसरी, कंद जागेवरच नाही. चिपमंक आणि खारींना ताजी उकरलेली माती दिसली की राहवत नाही. त्यांना ट्रिलियमच खायचं असतं असं नाही, पण उकरून बाजूला फेकलेला कंद उघड्यावर सुकतो. सप्टेंबरमध्ये लावल्यावर त्या जागेवर कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी अंथरून चारी कोपऱ्यांना दगड ठेवा. वसंतात कोंब दिसायच्या आधी जाळी काढून घ्या.

चौथी, कंद कुजला. मातीत बोट घातल्यावर मऊ, तपकिरी, वास येणारा लगदा लागला तर मात्र तिथे दुसरं ट्रिलियम लावण्यात हशील नाही. आधी पाण्याचा निचरा. छतावरून येणाऱ्या पाइपचं तोंड कुठे आहे ते बघा. मार्चमध्ये बर्फ वितळतो तेव्हा सगळं पाणी याच वाफ्यात येत असेल तर कंदाचं काही खरं नाही.

नवीन वसाहतीतली माती

टोरांटोजवळच्या ब्रॅम्प्टन, मिल्टन, कॅलेडन इकडच्या नव्या घरांचा प्रश्न वेगळाच आहे, आणि माझं मत विचाराल तर तिथे ट्रिलियमची घाई करू नये. बांधकामात वरची सुपीक माती काढली जाते, खालची चिकणमाती यंत्रांच्या वजनाने घट्ट बसते आणि तिच्यावर थोडीशी माती पसरून तयार लॉनच्या पट्ट्या अंथरतात. ट्रिलियमला हवी तशी भुसभुशीत, पालापाचोळा कुजून झालेली जमीन तिथे नसते. समोरचं झाड मनगटाएवढं, म्हणजे सावलीही नाही. दुपारच्या उन्हात पानांच्या कडा जूनमध्येच तपकिरी होतात, आणि मग वर सांगितलेलं सगळं चक्र.

हौस असेलच तर घराच्या उत्तर किंवा पूर्व बाजूला, लॉनपासून वेगळा, थोडा उंच वाफा करा. दोन शरद ऋतूंतला पाला त्यात कुजवा आणि मगच लावा. सोबत सर्व्हिसबेरीसारखं छोटं स्थानिक झाड लावलंत तर काही वर्षांत सावलीची सोय होते. रस्त्याकडेला नॉर्वे मेपल असेल तर त्याच्याखाली मात्र प्रयोग करू नका. त्याला पानं लवकर येतात, उशिरा गळतात, सावली दाट आणि मुळं उथळ. ट्रिलियमला लागणारं वसंतातलं ऊन आणि उन्हाळ्यातलं पाणी, दोन्ही तो पळवतो. शुगर मेपल, ओक किंवा बीचखाली तीच जागा उत्तम ठरते.

पाल्याबद्दल एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी लागते. ऑक्टोबरमध्ये आपण बागेतला पाला झाडून कागदी पिशव्यांत भरून पालिकेच्या गाडीला देतो आणि मेमध्ये दुकानातून पिशवीबंद खत विकत आणतो. तो पाला ट्रिलियमच्या वाफ्यात राहू द्या. मेपलची मोठी पानं ओली होऊन एकावर एक चिकटतात आणि खालचा कोंब दबतो, म्हणून लॉन कापायचं यंत्र त्यावरून एकदा फिरवा आणि तो चुरा पाच-सात सेंटिमीटर थरात पसरा. दुकानातला लाकडाचा रंगवलेला भुसा याची जागा घेऊ शकत नाही.

गांडुळं

इथे आपल्या मंडळींचा गोंधळ होतो, आणि साहजिक आहे. गांडूळ शेतकऱ्याचा मित्र हे आपण शाळेच्या पुस्तकात वाचलेलं. मातीत गांडुळं दिसली की आपल्याला आनंद होतो. काही जण तर मुद्दाम आणून सोडतात.

उत्तर अमेरिकेच्या या भागात गोष्ट उलटी आहे. शेवटच्या हिमयुगात ही जमीन बर्फाच्या जाड थराखाली होती आणि इथे गांडुळं उरली नाहीत. बर्फ मागे हटल्यावर जी जंगलं वाढली ती हजारो वर्षं गांडुळांशिवाय वाढली. पाला सावकाश, बुरशीच्या आधाराने कुजायचा आणि जमिनीवर त्याचा मऊ थर कायम असायचा. ट्रिलियम त्या थराच्या हिशेबाने घडलंय. आज ऑन्टारिओत दिसणारी जवळजवळ सगळी गांडुळं युरोपातून आलेली आहेत, आणि ती तो थर काही वर्षांत फस्त करतात. खाली उरते उघडी, घट्ट माती. त्यात बी रुजत नाही आणि रोपं कोरडी पडतात.

त्यातही अलीकडे पसरत चाललेली जंपिंग वर्म ही आशियाई जात जास्त त्रासाची. हात लावला की सापासारखी वळवळते, अंगावरचा पांढुरका पट्टा पूर्ण गोल असतो, आणि ती असलेल्या वाफ्यातली वरची माती चहाच्या चोथ्यासारखी रवाळ आणि सुटी होते. ट्रिलियम हलवलं की मुळांना धरच नसल्यासारखं डुलतं. खात्रीचा उपाय नाही. पण फैलाव थांबवता येतो: अनोळखी ठिकाणचं फुकट कंपोस्ट आणू नका, मित्राच्या बागेतून रोप आणलंत तर मुळं धुऊन लावा, मासेमारीसाठी आणलेली उरलेली गांडुळं बागेत टाकू नका. घरचं गांडूळखत भाज्यांच्या वाफ्यात खुशाल वापरा, ट्रिलियमच्या वाफ्यात नको. त्यात गांडुळांची अंडी राहिलेली असतात.

मातीतलं आणखी एक दुखणं म्हणजे गार्लिक मस्टर्ड. पान चुरगाळलं की लसणीचा वास येतो, दुसऱ्या वर्षी पांढरी बारीक फुलं लागतात. ट्रिलियमची मुळं ज्या बुरशीच्या मदतीने जगतात, तिलाच हे तण मारक ठरतं. फुलं येताच, बी धरायच्या आत, मुळासकट उपटा.

रोप कुठून आणलंत?

दोन झाडं एकाच दिवशी, एकाच वाफ्यात लावली, एक टिकलं आणि एक गेलं, असं झालं की मी हा प्रश्न विचारते. बियांपासून फुलापर्यंत पोचायला ट्रिलियमला सात ते दहा वर्षं लागतात. एवढी वर्षं सांभाळलेलं रोप स्वस्त असूच शकत नाही. भुसा भरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत सुका कंद अगदी स्वस्तात मिळत असेल तर तो बहुधा जंगलातून उपटलेला असतो. मुळं तुटलेली, महिनोन्‌महिने कोरडा पडलेला. तो आला तरी पहिल्या वर्षी जुन्या साठ्यावर फुलतो आणि दुसऱ्या वर्षी बसतो. तुमची देखभाल चुकली नव्हती, माल आधीच संपलेला होता.

नर्सरीत "आमच्याकडे वाढवलेलं" एवढ्यावर समाधान मानू नका. जंगलातून आणून एक हंगाम कुंडीत ठेवलेलं रोपही "आमच्याकडे वाढवलेलं" म्हणून विकता येतं. बियांपासून किंवा स्वतःच्या कंदाचे भाग करून तयार केलंय का, हे स्पष्ट विचारा. स्थानिक रानफुलांच्या छोट्या नर्सऱ्या याचं सरळ उत्तर देतात. टाळाटाळ झाली तर पुढे चला. जंगलातून स्वतः उपटून आणण्याचा विचारही नको. प्रांतीय उद्यानात ते बेकायदा आहेच, शिवाय ते बहुतेक वेळा जगतही नाही.

याच कुळातली एक भारतीय भगिनी हिमाचल, उत्तराखंड आणि काश्मीरच्या उंचीवरच्या जंगलात आहे: नागछत्री. औषधी बाजारात कंदाला भाव मिळतो म्हणून ती इतकी उपटली गेली की आता धोक्यात आलेल्या वनस्पतींत गणली जाते. हळू वाढणाऱ्या कंदाला बाजारभाव आला की काय होतं, त्याचं हे ठळक उदाहरण.

जात निवडतानाही घोळ होतो. पांढऱ्या पाकळ्यांवर मध्यभागी गुलाबी रेघा असलेलं पेंटेड ट्रिलियम दिसायला सुंदर, पण त्याला अतिशय आम्ल, थंड माती लागते. आपल्या चुनखडीच्या चिकणमातीत ते तग धरत नाही. लाल ट्रिलियम टिकतं, मात्र त्याच्या फुलाला सडक्या मांसासारखा वास येतो, कारण त्याला माश्या बोलवायच्या असतात. बसायच्या बाकाजवळ लावू नका. पहिल्यांदाच लावत असाल तर पांढरं किंवा दक्षिण ॲपलाचियन भागातलं पिवळं घ्या. पिवळ्याला लिंबासारखा हलका वास असतो.

फुलाचा रंग बदलला

पांढरं फूल जुनं होताना गुलाबी होतं, ते नैसर्गिक आहे. पाकळ्यांवर मधोमध हिरवा पट्टा आला, पाकळ्या वेड्यावाकड्या झाल्या, तर तो फायटोप्लाझ्मा नावाच्या जिवाणूसारख्या सूक्ष्मजीवाचा संसर्ग असतो. दिसायला आकर्षक असतो, काही लोक दुर्मीळ जात म्हणून जपतातही. पण असं झाड वर्षागणिक दुबळं होत जातं आणि त्यावर औषध नाही. बागेत निरोगी ट्रिलियम असतील तर हे रोगट झाड कंदासह काढून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नको.

रात्रीत दांडा उरला

दांडा तिरका, फाटल्यासारखा तुटलेला असेल तर हरीण. चाकूने कापल्यासारखा स्वच्छ तिरका असेल तर ससा. नाल्याकाठच्या किंवा दरीलगतच्या घरांना हरणांचा त्रास जास्त. पांढऱ्या शेपटीच्या हरणाला ट्रिलियम फार आवडतं, आणि ते मोठं, फुललेलं झाड निवडून खातं. सलग दोन-तीन वर्षं असं झालं की कंद संपतो. अंड्याच्या वासाचा फवारा चालतो, पण दर मोठ्या पावसानंतर पुन्हा मारावा लागतो. मला तारेची गोल जाळीच बरी वाटते. कोंब दिसताच लावायची आणि ऑगस्टमध्ये काढायची. तिथे एक खुणेचा दगड ठेवा, नाहीतर सप्टेंबरमध्ये रिकामी जागा समजून त्याच कंदातून ट्यूलिपसाठी खड्डा खणला जातो.

बी पेरलं, दोन वर्षं झाली

एवढा वेळ लागतोच. जुलैत बोंड पिकलं की आतलं बी लगेच, ओलं असतानाच पेरायचं. वाळवून पाकिटात ठेवलेलं बी आणखी अडून बसतं. पहिला हिवाळा काढल्यावर फक्त मूळ फुटतं, वर काहीच दिसत नाही. दुसरा हिवाळा झाला की वसंतात एक बारीक पान येतं. लोक नेमके पहिल्या उन्हाळ्यात कुंडी उपडी करतात. घाई असेल तर बी ओलसर वाळूत घालून फ्रिजमध्ये कोथिंबिरीच्या शेजारी तीन महिने, मग घरातल्या उबेत तीन महिने, पुन्हा फ्रिजमध्ये तीन महिने असा फेरा करता येतो. बियांना चिकटलेला पांढरा गर मुंग्यांसाठी असतो. मुंग्या बी घेऊन जातात, गर खातात आणि बी बिळाजवळ टाकतात. म्हणून पाच-सहा वर्षांनी कुंपणाच्या कडेला आपोआप एक पान उगवलेलं दिसलं तर ते तण समजून उपटू नका.

पुण्यातून विचारणारे

ऑनलाइन बी मिळतं म्हणून दर वर्षी कोणीतरी विचारतं. पुण्यात नाही, महाबळेश्वरलाही नाही. त्याला सलग काही महिने चार-पाच अंशांच्या आसपासची थंडी लागते, आणि तीही दोनदा. जंगलाच्या तळातलं, पानांआधी फुलणारं काही हवं असेल तर भुईचाफा लावा. उन्हाळ्यात उघड्या मातीतून सुगंधी फूल वर येतं, पानं नंतर. तो फुलत नसेल तर मागच्या पावसाळ्यातल्या पानांकडे बघा: झाडाखालची विरळ सावली, पाणी न साचणारी कुंडी, दिवाळीनंतर पानं पिवळी पडू लागली की पाणी कमी करत बंद, आणि पानं स्वतः गळेपर्यंत कात्री दूर. कंद हिवाळाभर कोरड्या कुंडीतच राहू दे.